आघात कोठे द्यावा?

शब्द तोच, अक्षरे तीच. पण जोर भलत्या जागी पडला की ऐकणारा गोंधळतो. येथे बारडोलीत परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक मराठी मुलगी मध्यंतरी आम्हांस म्हणाली, "फादर, तुम्हांला लॅटिन येते. पॅटेला, स्कॅप्युला हे शब्द उच्चारायचे कसे? मी तोंड उघडले की वर्गात हशा पिकतो."

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मराठीत आपण बहुतेक अक्षरे सारख्याच जोराने उच्चारतो. आघात हलला म्हणून अर्थ बदलत नाही. इंग्रजीत मात्र एक अक्षर उठून दिसते आणि बाकीची पुसट होतात.

लॅटिनचा नियम, ज्यांनी शाळेत वृत्तांचे लघुगुरू मोजले आहेत, त्यांना परका वाटणार नाही. शब्द तीन किंवा अधिक अक्षरांचा असल्यास उपांत्य अक्षर पाहावे. ते गुरू असेल तर आघात त्यावर. लघू असेल तर त्याच्या आधीच्या अक्षरावर. पॅटेला म्हणजे गुडघ्याची वाटी. मूळ शब्दात 'ल'चे द्वित्त आहे. म्हणून 'टे' गुरू आणि जोर त्यावर. स्कॅप्युला म्हणजे खांद्यामागचे चपटे हाड. त्यात उपांत्य लघू, म्हणून जोर पहिल्या अक्षरावर. जुन्या लॅटिन प्रार्थनाग्रंथांत वाचकाच्या सोयीसाठी अशी आघातचिन्हे छापलेलीच असत.

इंग्रजी मात्र हा नियम नेहमी पाळत नाही. ॲब्डोमेन म्हणजे पोट. लॅटिनमध्ये जोर 'डो'वर, इंग्रजीत बहुधा आरंभी. ड्युओडिनम या आतड्याचे नाव 'बारा'वरून पडले, कारण त्याची लांबी बारा बोटांच्या रुंदीइतकी मानली गेली. त्यात कोणी 'डि'वर जोर देतात, तर अमेरिकेत पुष्कळजण 'ओ'वर. दोन्ही उच्चार शिष्टसंमत आहेत. हसणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

खरी सावधगिरी हवी ती अन्यत्र. 'ॲब' म्हणजे दूर, 'ॲड' म्हणजे कडे. म्हणून ॲबडक्शन म्हणजे अवयव शरीराच्या मध्यरेषेपासून दूर नेणे, आणि ॲडडक्शन म्हणजे जवळ आणणे. एका व्यंजनाने अर्थ उलटतो! म्हणूनच पुष्कळ शिक्षक 'ए-बी', 'ए-डी' असे सुटे उच्चारून दाखवितात.

वाचकहो, उच्चार अवश्य सुधारावा. पण लाजेने प्रश्न गिळू नये. आणि हेही विसरू नये, की ऊसतोडीच्या हंगामात खानदेशातून या भागात आलेल्या मजुराला 'पॅटेला'चा निर्दोष आघात काय कामाचा? त्याला 'गुडघ्याची वाटी' असेच सांगावे. शब्द वैद्याला अचूक कळावा आणि रुग्णाला आपला वाटावा, यातच विद्येचे सार्थक आहे.