रिकामी माती

मृगाचा पाऊस पडला की बेळगावकडच्या तांबड्या मातीत आपण लावलेले आधी उगवत नाही, न लावलेले आधी उगवते. ज्याच्या अंगणात फुलझाडांचे दोन वाफे आहेत त्याला हे वेगळे सांगायला नको. जास्वंदीच्या बुडाशी हरळी, शेवंतीच्या कुशीत लव्हाळा आणि कोपऱ्यात रुबाबात उभे असलेले गाजरगवत! भांगलावे तरी किती आणि कुणी?

आमच्या शाळेच्या वाफ्यांपुढे दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न आला. शिपाईमामांचे गुडघे थकलेले, आणि मुलांना तासन्‌तास तण उपटायला बसवणे मला पटत नव्हते. संस्थेच्या बैठकीत एका सभासदांनी सरळ उपाय सुचवला, "सगळीकडे पेव्हर ब्लॉक घाला, कटकट मिटली." दुसरे म्हणाले, "तणनाशक मारा." पण त्या वाफ्यांच्या कडेलाच बसून मुले डबा खातात. मी एक वर्षाची मुदत मागून घेतली.

शिपाईमामा कानडी. कानडीत तणाला 'कळे' म्हणतात. "सर, कळे येतंय कुठनं ते आधी बघू या. काढायचं मागनं," ते म्हणाले. कानडीतले हे 'कळे' मराठीतही कळण्यासारखेच होते.

तण येते कुठून? अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते. माती खोल खणली की खाली निपचित पडलेले बी वर येते आणि उजेड मिळताच रुजते. गाजरगवत तर मूळचे अमेरिका खंडातले. १९५५ च्या सुमारास ते पुण्याजवळ नजरेस आले आणि पुढे देशभर पसरले. एकेका झाडाला हजारोंनी बी. अंगाला लागले तर खाज, दमेकऱ्याला त्रास. मराठीत ते काँग्रेस गवत, कानडीतही काँग्रेसच. आमच्या भागात दोन्ही भाषांचे ज्यावर एकमत आहे अशा थोड्या गोष्टींपैकी ही एक!

मग एप्रिल-मे महिन्यांत रिकाम्या वाफ्यांना भरपूर पाणी दिले, वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत पुरल्या आणि पाच-सहा आठवडे ऊन खाऊ दिले. त्या उकाड्यात वरच्या थरातले बरेच बी मरते. लव्हाळा मात्र त्याला बधत नाही. त्याच्या गाठी मातीत माळेसारख्या गुंफलेल्या असतात. खुरप्याने तोडल्या तर एकाच्या दहा होतात. म्हणून माती ओली असताना काट्याने अख्खी माळ उचलायची, आणि पुन्हा कोंब दिसला की पुन्हा. त्याला सावली सोसत नाही, हे त्याचे वर्म.

पावसाळ्याच्या तोंडाशी झुडपांखाली उसाचे पाचट आणि पालापाचोळा तीन-चार इंच जाड पसरला. बुंध्याभोवती मात्र दोन बोटे जागा सोडली, नाहीतर खोड कुजते. मधल्या मोकळ्या जागेत झेंडू आणि अबोली दाट लावली. पाणी झारीने फक्त मुळाशी. जे थोडे तण तरीही डोके काढी, ते फुलावर येण्याआधी वरच्यावर काढायचे, खोल उकरायचे नाही.

मुदत संपली तेव्हा भांगलण आठवड्यातून अर्ध्या तासावर आली होती. दसऱ्याला शाळेच्या दाराचे तोरण आमच्याच झेंडूचे होते. पेव्हर ब्लॉकचा विषय पुन्हा निघाला नाही.

तीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसाला यात नवे काय वाटावे? शिक्षक नसलेल्या वर्गात पाच मिनिटांत काय उगवते, ते मी रोज ऐकतो. छडी घेऊन धावण्यापेक्षा त्या तासाला कुणी गोष्ट सांगणारे पाठवावे, हे बरे. मातीचेही तसेच आहे. तिला रिकामे राहता येत नाही. आपण काही दिले नाही तर वाऱ्याने आणलेले ती पदरात घेते. तिला दोष कसा द्यावा?

हरळीला मात्र आम्ही एक कोपरा राखून ठेवला आहे, भोवती विटांची कड खोल पुरून. गणेश चतुर्थीला मुले दूर्वा तिथूनच नेतात. मराठी घरांतलीही, कानडी घरांतलीही.