सल, कुट्टी, सरपण

22 डिसेंबर
मोसंबीचा ताण चालू. पानं पिवळसर. आजपासून सल काढणं. वाळकी फांदी हिरव्यापर्यंत मागे घ्यायची, जखमेवर बोर्डो पेस्ट. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी.

23 डिसेंबर
बांधावर ढीग वाढतोय. बापू म्हणाले, "काडी लाव, मोकळा हो." मी गप्प. मागच्या जाळाच्या जागी अजून गवत धड नाही.

27 डिसेंबर
वसमतकडच्या एका बागेत यंत्रं पाहिली. मल्चर ट्रॅक्टरमागे ओळीतून चालतो, फांद्या जागेवरच कुटतो. चिपरला हातानं फांद्या भरायच्या. पात्यांचं जड चाक तुकडे करतं, नळीतून थेट ट्रॉलीत फेकतं. दोन्ही ट्रॅक्टरच्या पीटीओवर, मिनिटाला 540 फेरे. मल्चरच्या कुट्टीत माती येते, म्हणजे जाळल्यावर राख जास्त. ती रानालाच बरी. जळणाला चिपर.

30 डिसेंबर
कुट्टी दाबून पांढरा कोळसा करणाऱ्याशी फोन. माल वाळलेला हवा, ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास. ताज्या फांदीत जवळपास निम्मं पाणी. शिवाय ट्रॉली भरते, वजन भरत नाही. भाडं मात्र पूर्ण. 2021 साली केंद्र सरकारनं औष्णिक वीज केंद्रांना कोळशात पाच टक्के जैवभार मिसळायचं धोरण दिलं. परळीचं केंद्र मराठवाड्यातच आहे. पण बांधावरची फांदी तिथवर परवडेल कशी? गोळा करणं, वाळवणं, वाहणं. खर्च तिथंच आहे.

2 जानेवारी
सरपण न्यायला मावशी आल्या. मशीनची गोष्ट कानावर गेलेली. "सगळं मशीनच खायलंय. आमच्या चुलीचं काय?"
गॅसची टाकी त्यांच्या घरात आहे. भरायला पैसे नसतात.
रात्री झोप लागेना.

4 जानेवारी
ठरलं. मनगटाएवढ्या आणि जाड फांद्या वेगळ्या. आधी मावशी आणि त्यांच्या सोबतच्या बायांनी हव्या तेवढ्या न्यायच्या. उरलेल्या हळद शिजवायच्या कुकरला. बारीक काडी रानाला. डिंक्या लागलेलं लाकूड दोन्हीत नाही, तेवढंच जाळायचं.

7 जानेवारी
ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या. मल्चरमध्ये नळी गुंतली तर नळीही जाते, वेळही. दगड वेचले. काड्या दोन ओळींच्या मधे सरळ लावल्या.

9 जानेवारी
मल्चर आला. धूळ, कानठळ्या. पोरांना बांधापलीकडे उभं केलं; पात्याखालचा खडा गोळीसारखा सुटतो.
बापू मागून चालत राहिले. मधेच वाकून मूठभर कुट्टी उचलली. बोलले काही नाहीत.

10 जानेवारी
कुट्टी वरच राहू द्यायची. मातीत गाडली तर कुजताना नत्र ओढून घेते, नेमकं बहाराच्या तोंडावर.

22 जानेवारी
ताण तोडला. पहिलं पाणी, आंबवणी, दिलं, हलकंच. आता दुसरं, चिंबवणी.

6 फेब्रुवारी
शिवारात हळदीची काढणी. कुकरवाला जाड लाकूड घेऊन गेला. आणखी आहे का म्हणाला.
कुट्टीखालची माती दुपारीही ओलसर. उघड्या पट्ट्यात भेगा सुरू.

8 फेब्रुवारी
बापूंनी विचारलं, "आंबे उतरल्यावर छाटणी करू, तवा मशीन मिळंल का?"
जूनमध्ये काळ्या रानात ट्रॅक्टर रुततो. पहिल्या उघडिपीतच काम उरकावं लागेल. आमच्या शिवारातले चार-पाच बागायतदार एकत्र आले तर चिपर भाड्यानं आणून गावातच ठेवता येईल. वाळवायला पत्र्याचं शेडही हवं. उद्या सगळ्यांशी बोलतो. मावशींनाही बोलावतो, फांद्या वेगळ्या करायची मजुरी त्यांनाच.