राखीव बाकावरचे उस्ताद

ब्रह्मपुरीत धान कापून झाले की रिकाम्या बांध्यांमध्ये पोरांचा फुटबॉल सुरू होतो. चेंडू बहुधा शिवलेला, गोलच्या खांबांऐवजी दोन दप्तरे. आमच्या उर्दू शाळेतली मुले घंटा होताच तिकडे पळतात आणि आम्ही वर्गाच्या दारातून ओरडतो, "अरे, सबक तो पूरा करो!" कोणी ऐकत नाही.

या पोरांमध्ये एक होता. बाप पंक्चरच्या दुकानाचा, घर दोन खोल्यांचे. पण चेंडू पायाशी आला की पोरगा वेगळाच दिसायचा. 2025 च्या उन्हाळ्यात धावता धावता त्याचा पाय धुऱ्यावर अडकला. गुडघा सुजला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले, आतला स्नायुबंध तुटला आहे, वर्षभर खेळायचे नाव नको. बाप म्हणाला, "चांगलंच झालं, आता तरी दुकानात बसेल." शाळा उघडली, पोरगा नववीत आला, पण वर्गात कमी आणि दुकानात जास्त दिसू लागला.

ऑगस्टमध्ये जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेसाठी संघाची यादी आमच्याकडे आली. आम्ही लाल पेन घेतले आणि त्याच्या नावावर रेघ मारली. खेळता येत नाही, मग यादीत नाव कशाला? आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात बातमी आली. खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. शिक्षकांच्या खोलीत कोणी तरी म्हणाले, "आपला माणूस!" खोटे कशाला बोलावे, आम्हालाही तेवढ्यापुरता आनंद झाला. चांगल्या बातमीत आपल्यासारखे नाव वाचायला मिळाले की चहा गोड लागतो. पण पुढे त्यांच्याविषयी वाचत गेलो तसे मन दुसरीकडेच अडकले.

खालिद यांचा जन्म 1977 चा, कुवेतमधला. लहानपणी आदर्श फ्रान्सच्या मिशेल प्लातिनींचा. 1990 मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि आखाती युद्धानंतर हे कुटुंब भारतात आले. पुढे मुंबई हेच त्यांचे मैदान झाले. महिंद्रा युनायटेड, मग एअर इंडिया, 2002 साली पुन्हा महिंद्रा. मधल्या फळीत खेळायचे, भारताकडूनही खेळले. पण ऐन उमेदीत दुखापतींनी गाठले. 2007 मध्ये मुंबई एफसीने करार केला, तरी शरीराने साथ दिली नाही. 2009 मध्ये बूट काढून ठेवले तेव्हा वय होते बत्तीस.

नाव यादीत, माणूस बाकावर. हे वाचताना आम्ही थबकलो, कारण हा बाक आमच्या ओळखीचा आहे. बी.एड. करून आम्ही एका विनाअनुदानित तुकडीवर लागलो होतो. हजेरीपटावर रोज सही करायची, वर्ग शिकवायचे आणि पगाराची वाट बघायची. नातेवाईक विचारत, "नोकरी लागली ना?" काय उत्तर द्यावे? लागली होती आणि नव्हतीही. त्या वर्षांत कोणी आमच्या नावावर रेघ मारली असती, तर आज हे लिहायला आम्ही कुठे असतो?

खालिद यांच्या नावावर त्यांच्या क्लबाने रेघ मारली नाही. आधी तिथल्या पोरांना शिकवायला दिले, मग मुख्य संघ हाती दिला. कमी पैशांतल्या त्या संघाला 2016 पर्यंत त्यांनी वरच्या लीगमध्ये टिकवून धरले. मग तेही काम सुटले. ते गेले मिझोरमला, ऐझॉल एफसीकडे. हा संघ आदल्या मोसमात खाली घसरलेला. गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली होती. मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे जुने शिष्यही तिथे खेळले. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगमध्ये 1-1 अशी बरोबरी झाली आणि ऐझॉल आय-लीगचा विजेता ठरला. मोहन बागान एका गुणाने मागे राहिला. ईशान्येकडचा कोणताही संघ त्याआधी देशाचा विजेता झाला नव्हता.

आम्ही शिक्षक, आम्हाला या गोष्टीत सगळ्यात मोठा वाटतो तो त्यांचा दुसरा जन्म. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीमही मुळात शाळामास्तरच. त्यांच्या हाताखाली भारत 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि 1962 मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्ण घेऊन आला. मैदानाबाहेर उभा राहिलेला माणूसही खेळतच असतो, फक्त त्याचे पाय दुसऱ्यांचे असतात.

त्या संध्याकाळी आम्ही पंक्चरच्या दुकानावर गेलो. खालिद यांची सगळी गोष्ट सांगितली. पोरगा ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "सर, लेकिन मेरा नाम तो आपने काटा." आमच्याकडे जबाब नव्हता. दुसऱ्या दिवशी नवी यादी लिहिली. खेळाडूंच्या खाली त्याचे नाव घातले, 'सहायक' म्हणून.

चंद्रपूरला तो आमच्याबरोबर टेम्पोत बसून आला. पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या, लंगडत लंगडत रेषेवर फिरला. पहिल्याच सामन्यात आम्ही 3-0 ने हरलो. परतीच्या वाटेवर सगळे गप्प होते. मूल-सिंदेवाहीच्या जंगलात अंधार पडला तेव्हा तो आमच्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, आपला डावीकडचा पोरगा उजव्या पायाचा आहे. तिन्ही गोल तिकडूनच आले." तिन्ही गोल आम्हीही पाहिले होते. हे काही आम्हाला दिसले नव्हते.

14 ऑक्टोबरला मडगावात भारत सिंगापूरकडून 2-1 ने हरला आणि 2027 च्या आशिया चषकाची वाट बंद झाली. ऑगस्टमध्ये 'आपला माणूस' म्हणणारे म्हणाले, "ह्यांच्याने काय होणार होतं?" इतक्या लवकर माणूस परका होतो!

मधल्या सुट्टीत पोरगा वही घेऊन आला. मागच्या पानावर अकरा ठिपके काढले होते. "सर, खालिदसाहेब हरले ना काल?"

"हो, हरले."

"बरं," तो म्हणाला आणि एका ठिपक्यावर बोट ठेवले, "हा पोरगा उजवीकडे घेऊ का?"