बरं वाटणं आणि बरं होणं

मैत्रिणींनो, ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपण कृतघ्न माणसांसाठी वापरतो. पण घरात दुखणं आलं की बऱ्याच घरांत ती अगदी शब्दशः पाळली जाते. ताप उतरला, खोकला थांबला, की राहिलेल्या गोळ्या डब्यात जातात. महिन्याभरानं शेजारच्या मुलाचा घसा दुखतो, तेव्हा तोच डबा उघडतो आणि ‘आमच्याकडे आहेत हो चांगल्या गोळ्या’ म्हणून त्या कौतुकानं दिल्याही जातात!

दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं, असं जुनी माणसं सांगत. हत्ती आला की सगळं घर धावपळ करतं. मुंगीचे दिवस मात्र घरातल्या बाईवरच पडतात.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. दारव्ह्याला राहते, घर सांभाळून शाळेत अर्धवेळ शिकवते. पण २०१८ साली आमच्या घरात एकाच वेळी दोन माणसांची औषधं चालू होती. माझ्या सासऱ्यांना क्षय झाला होता आणि मोठ्या जाऊबाईंवर मनाच्या आजाराचे उपचार चालू होते. दोघंही त्यासाठी गावाकडून आमच्याकडे येऊन राहिले होते. स्वयंपाकघरातल्या फळीवर दोन डबे, एक मामाजींचा आणि एक ताईंचा. एक आजार जंतूंचा, दुसरा मनाचा. पण दोन्ही डब्यांनी मला धडा एकच दिला. तो तुम्हांलाही सांगावा म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी मामाजींचं सांगते. खोकला हटेना, वजन उतरलेलं, संध्याकाळ झाली की अंगात कणकण. थुंकी तपासली आणि क्षय निघाला. औषध सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतं. पहिले दोन महिने चार औषधं असतात: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पुढचे चार महिने त्यांतलं पायराझिनामाइड वगळून तीन. ही औषधं एकाच गोळीत एकत्र केलेली असतात आणि रोग्याच्या वजनाप्रमाणे रोज किती गोळ्या ते ठरतं. पूर्वी सरकारी योजनेत ती आठवड्यातून तीनदा देत, २०१७ पासून देशभर रोज देऊ लागले.

गोळ्या सुरू झाल्या आणि मामाजींनी न्हाणीघरातून घाबऱ्या आवाजात ह्यांना हाक मारली. लघवी लाल झाली होती! पण दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की रिफाम्पिसिननं लघवी, घाम, डोळ्यांचं पाणीसुद्धा नारिंगी होतं, भ्यायचं कारण नाही. कशाला भ्यायचं तेही त्यांनी सांगितलं होतं. डोळे पिवळे दिसले, भूक मेली, ओकाऱ्या होऊ लागल्या, तर यकृताला त्रास होतो आहे असं समजून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. हातापायांना मुंग्या येऊ लागल्या तर तो आयसोनियाझिडचा परिणाम, त्यावर ब-६ जीवनसत्त्वाची गोळी देतात. नजर अंधुक झाली, लाल-हिरव्या रंगांत गफलत होऊ लागली, तर इथॅम्ब्युटॉलची शंका घ्यायची. हे ठाऊक असलं की बाई उगाच घाबरत नाही आणि घाबरायच्या वेळी गाफीलही राहत नाही.

दीड महिन्यात खोकला गेला, भाकरी वाढली. आणि एके दिवशी मामाजी म्हणाले, “आता बरं वाटून रायलं मले. कायले खावाच्या ह्या गोळ्या?”

सगळी मेख इथंच आहे, बरं का! पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक जंतू मरतात, म्हणून बरं वाटतं. पण थोडे चिवट जंतू सुस्त पडून राहतात. औषध थांबलं की ते पुन्हा वाढतात. मध्येच गोळ्या सोडण्या-धरण्यानं औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंचं फावतं. मग नेहमीची औषधं चालत नाहीत आणि उपचार अवघड होतो. मामाजींना मी एवढंच म्हटलं, “मामाजी, तण वरून खुरपलं आणि मुळी राहिली तर काय होतं?” शेतकरी माणूस ते, पुढं एक शब्द बोलले नाहीत.

हे काम घरी होऊ शकतं, हे जगाला आपल्याच देशानं दाखवलं. पूर्वी क्षय म्हटला की माणसाला घरादारापासून दूर आरोग्यधामात ठेवत. १९५६ साली मद्रासला एक केंद्र निघालं. तिथल्या डॉक्टरांनी गरीब वस्तीतल्या काही क्षयरोग्यांना आरोग्यधामात ठेवलं आणि काहींना घरीच औषध दिलं. घरच्यांना ना तसं सकस अन्न, ना मोकळी हवा, ना विश्रांती. तरीही १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते असे, की घरी उपचार घेणारे रोगीही जवळजवळ तितकेच चांगले बरे झाले. अट एकच, औषध नेमानं पोटात जायला हवं. म्हणून केंद्राची माणसं रोग्यांच्या घरी जाऊन गोळ्या मोजत, लघवी तपासत. आपल्या फळीवरच्या डब्याचा मान केवढा आहे, ते यावरून कळावं!

आता दुसऱ्या डब्याकडे वळते. पण त्याआधी एक गंमत सांगायलाच हवी. मनाच्या आजाराचं एक मोठं औषध क्षयाच्याच दवाखान्यात सापडलं. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना आयसोनियाझिडचं भावंड असलेलं इप्रोनियाझिड देऊन पाहिलं, तर महिनोन् महिने निपचित पडलेली माणसं हसू-बोलू लागली, त्यांना भूक लागू लागली. पुढं १९५७ च्या सुमारास डॉक्टर नेथन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच औषध उदास रोग्यांना दिलं आणि त्यांनाही गुण आला. यकृताला अपाय होतो म्हणून पुढं ते मागं पडलं. पण उदासीनता हा नुसता स्वभाव नाही, नाटक नाही, त्याला औषध लागू पडतं, हे लोकांना त्यातून कळलं.

आमच्या ताईंना ते कळायला वेळ लागला. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कपाशी गेली. त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेनं आपल्या यवतमाळ जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तुम्हांला आठवत असेल. त्या हिवाळ्यात ताई गप्प झाल्या. पहाटे तीनला जाग, चूल पेटवायचीही इच्छा नाही, आणि एकदा सहज बोलल्यासारखं, “आपुन नसलेलंच बरं वो.” आम्ही समजत होतो, नापिकीचं दुःख आहे, निवळेल. ओळखलं ते आशाताईंनी. २०१५ साली सरकारनं विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला होता. त्यात आशाताई घरोघर जाऊन झोप लागते का, जगावंसं वाटतं का, असं विचारत. त्यांच्या सांगण्यावरून यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेलं आणि एस्सिटालोप्राम नावाची गोळी सुरू झाली.

मैत्रिणींनो, या गोळीची रीत उलटी असते. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, असा त्रासच आधी येतो. गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. म्हणून ‘काही उपयोग नाही’ म्हणत माणसं आठव्या दिवशीच ती सोडतात. सुरुवातीच्या याच दिवसांत माणसाला एकटं ठेवू नये. विशेषतः तरुण वयात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार याच काळात वाढू शकतात. आम्ही ताईंच्या गोळ्या कुलपात ठेवल्या आणि गावाकडच्या घरातले फवारणीचे डबेसुद्धा. कपाशीच्या मुलखात हे दुसरं कुलूप पहिल्याइतकंच महत्त्वाचं.

जूनपर्यंत ताई पुन्हा गाणं गुणगुणत पोळ्या लाटू लागल्या. पोळ्याच्या सणाला त्या गावी गेल्या. तिथं माझ्या थोरल्या दिरांनी गोळ्या बंद केल्या. “आता हासते, बोलते ते. डोक्याच्या गोळ्यायची सवय लागते म्हनते,” हे त्यांचं म्हणणं. भाऊजींचं ताईंवर प्रेम आहे, वाईट हेतू मुळीच नव्हता. पण चार दिवसांत ताईंना गरगरायला लागलं, डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायचं. ते गेलं, आणि पाठोपाठ जुनी उदासी आली. नवरात्रात त्या आमच्याकडे परतल्या त्या पुन्हा पहाटे तीनला जागणाऱ्या. मी त्यांच्या शेजारीच अंथरूण घालू लागले. त्या दिवसांत माझी झोप कसली होती, ते माझं मलाच ठाऊक.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी भाऊजींना समोर बसवून समजावलं. ही गोळी नशेची नाही. पण ती एकदम तोडली तर शरीर कुरकुरतं, म्हणून हळूहळू उतरवावी लागते. आणि बरं वाटू लागल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवावी लागते, नाहीतर आजार उलटतो. म्हणजे मामाजींना जे लागू, तेच ताईंनाही! औषधानं आधी बरं वाटतं, बरं होणं मागाहून येतं. या दोहोंमधल्या दिवसांतच घराची कसोटी असते.

मामाजींचा कोर्स सहा महिन्यांत पुरा झाला. ताईंची गोळी २०१९ च्या अखेरीस, महिना-महिना कमी करत, डॉक्टरांनीच थांबवली. आज त्या गावातला बचत गट सांभाळतात.

माझी भाची नर्सिंग शिकली आहे. तिनं मला नर्सचे पाच नियम सांगितले होते: माणूस बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर आणि देण्याचा मार्ग बरोबर. मी ते घराला लावून घेतले. डब्यांचे रंग वेगळे ठेवले, वर नावं लिहिली. दुधाचा हिशेब आपण कॅलेंडरवर लिहितो ना, तशीच गोळी समोर घेतली की त्या तारखेवर खूण. संध्याकाळी ‘घेतली का’ असं विचारायची वेळच येत नाही आणि वादही होत नाहीत.

या पाचांत मी सहावा नियम घातला. प्रत्येक डॉक्टरला सगळी औषधं दाखवायची, कारण औषधांचं आपसांतही पटत नाही कधी कधी. रिफाम्पिसिन मनाच्या आजाराच्या काही औषधांचा जोर कमी करतं. गर्भनिरोधक गोळ्यांचाही करतं, म्हणून क्षयाचं औषध घेणाऱ्या विवाहितेनं पाळणा लांबवायला दुसरा उपाय डॉक्टरांना विचारावा. हट्टी क्षयासाठी देतात त्या लिनेझोलिडचा आणि उदासीवरच्या गोळ्यांचा मेळ धोक्याचा ठरू शकतो. कुणाला मनाच्या आजारासाठी लिथियम चालू असेल, तर आपल्या इकडच्या उन्हाळ्यात फार जपावं. घाम, जुलाब, कमी पाणी, अचानक तोडलेलं मीठ, यांनी रक्तातलं लिथियम वाढून विषासारखं होतं. हात जास्त थरथरू लागले, तोल जाऊ लागला, तर तडक दवाखाना. आणि अंगदुखीची गोळीसुद्धा आपल्या मनानं देऊ नये.

गोळ्यांच्या पाकिटावरची उभी लाल रेघही पाहत जा. तिचा अर्थ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नाही. २०१४ पासून लागू झालेल्या एका यादीत क्षयाची औषधं, कित्येक भारी अँटिबायोटिक्स आणि अल्प्राझोलाम-डायझेपामसारख्या झोपेच्या, धास्तीच्या गोळ्या एकत्र आहेत. दुकानदाराला त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. ‘झोप येत नाही’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला आपल्या घरातली अर्धी गोळी देणं, हे तिच्यावर प्रेम करणं नव्हे. या गोळ्यांची मात्र खरंच सवय लागते. तसंच सर्दी-पडशावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, कारण ते विषाणूंचं काम, आणि अँटिबायोटिक विषाणूंना मारत नाही. डॉक्टरांनी ते तीन दिवस सांगितलं तर तीन दिवस, सात सांगितलं तर सात. आपला अंदाज मध्ये घालायचा नाही.

आता दवाखान्यातून निघताना एवढं विचारून घेत जा: हे औषध कशासाठी, गुण केव्हा दिसेल, त्रास झाला तर कोणता चालेल आणि कोणत्या त्रासाला धावत यायचं, आणि थांबवायचं कधी व कुणी सांगितल्यावर. लाजू नका, हवं तर कागदावर लिहून न्या. क्षयरोग्याला खुराकासाठी सरकार पैसेही देतं. २०१८ साली महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले, तेही विचारा. घरात कुणी ‘आपण नसलेलं बरं’ असं सहज जरी बोललं, तरी ते सहज घेऊ नका. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फुकट बोलता येतं आणि मराठीतही बोलता येतं.

आणि फळीवरच्या डब्यात जुन्या, अर्ध्या राहिलेल्या गोळ्या असतील, तर आजच तो डबा खाली काढा, बरं का!