तरोट्याचं फूल
आमच्या साकोलीत तरोटा, पुण्यात टाकळा. रोप एकच. पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत आपोआप उगवतं. कोवळ्या पानांची भाजी होते. पिवळी फुलं येईस्तोवर पानं निबर होतात. म्हणून आमच्याकडे त्या फुलाला वेगळं नाव नाही. फूल दिसलं, की यंदाची भाजी संपली.

फोनमधलं ॲप फुलाचा फोटो बघून 'सेना टोरा' सांगतं. यातलं 'टोरा' लिनियसने १७५३ साली छापलं होतं. नाव बरोबर आहे, पण त्यात भाजी नाही.

पुण्यात मी भाजीवाल्या मावशींकडे 'टाकळा' मागतो आणि आईला फोनवर सांगतो, "तरोटा मिळाला." माझ्या भाचीने ही भाजी अजून चाखलेली नाही. तिला शब्द शिकवून उपयोग नाही. आधी भाजी खाऊ घालायला हवी.