मिस्त्रीकाकांचं देणं

आज मी पुण्यात तंतुवाद्यांच्या दुरुस्तीवर घर चालवतो. ह्या कामाचा पहिला धडा मिळाला तो दर्यापूरला, बनोसा भागातल्या एका सुतारकाकांकडून. डवऱ्याची अन् तिफनीची रुमणं, दारं-चौकटी, बंडीची दुरुस्ती, भजनमंडळांच्या खंजिऱ्यांची लाकडी कडी, हे त्यांचं रोजचं काम. गिटार त्यांनी कधी हातात धरली नव्हती.

अकरावीत असताना मामांनी मुंबईहून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार पाठवली. तिची नेक इतकी जाड, की अंगठा मागे टेकवला तर बोटं जाड तारेपर्यंत पोचायची नाहीत. बार कॉर्ड धरला की मनगट भरून यायचं. गावात शिकवणारं कोणी नव्हतं. आपल्या हातात हे वाद्य नाही, असं मी धरून चाललो होतो. विकण्याआधी सुटलेली खुंटी बसवून घ्यावी, म्हणून काकांकडे गेलो.

खुंटीआधी त्यांनी माझा पंजा पाहिला. “बाबू, तुह्या हाताची नाही हे दांडी. रुमणं हातात बसलं नाही त दिवसभर डवरा कसा हाकाचा?”

नेकच्या मागे मधोमध गडद लाकडाची पट्टी होती. ती कशासाठी, हे त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. “मालूम करून ये, मंग हात लावतो.” अमरावतीच्या एका वाद्यविक्रेत्यानं समजावलं, की आत पोलादी सळई असते. सहा तारा मिळून सुमारे ३८ किलोचा ताण देतात. त्यानं नेक वाकू नये म्हणून ती. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना अशा सळईचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं, हे मी पुष्कळ नंतर वाचलं.

काकांनी ऐकून घेतलं आणि मधला भाग जवळजवळ तसाच ठेवून दोन्ही बाजूंचे खांदे उतरवायचं ठरवलं. त्यामागचं शहाणपण मला आता कळतं. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. २२ मिमीची नेक सरसकट २० मिमी केली, तर तो जवळपास चौथ्या हिश्श्यानं जातो. खांदे उतरले की हाताला नेक बारीक लागते आणि कणा शाबूत राहतो.

तारा उतरवून फ्रेटबोर्डाच्या कडांना चिकटपट्टी लावली. पुठ्ठ्याचा साचा कापला. जुनं लॅकर त्यांनी काचेच्या तुकड्यानं खरवडलं. मग पॉलिश पेपरची लांब पट्टी दोन्ही हातांत धरून नेकभोवती ओढायची, आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. मधूनमधून पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारायच्या. रेघ पुसली गेली तिथे उंचवटा, उरली तिथे खळगा. थोडं घासून झालं की ते मला थांबवायचे. “आता डोये लाव अन् हात फिरव.” नजरेला सरळ वाटलेल्या जागी तळव्याला फुगवटा लागायचा. एकदा काढलेलं लाकूड परत बसत नाही, म्हणून घासण्यापेक्षा चाचपण्यातच जास्त वेळ गेला. शेवटी स्पिरिटात विरघळवलेल्या चपड्याचे पातळ हात दिले. उघडं लाकूड आमच्याकडच्या पावसाळ्यात ओल धरतं आणि उन्हाळ्यात पिळतं.

मजुरी त्यांनी घेतली नाही. भजनाला येऊन बसत जा, एवढंच सांगितलं. तालाची समज मला आली ती त्या बैठकांत.

पुढे मिरजेला सतारमेकरांकडे गेलो. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी गेलो ते त्याच्या बरंच आधी. कामाला ठेवायला कोणी राजी नव्हतं. एका बुजुर्ग कारागिरांनी मला तुनाच्या दांडीवरून डोळे मिटून हात फिरवताना पाहिलं, आणि विचारलं, हे कुणी शिकवलं? मी काकांबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशीपासून मला बसायला पाट मिळाला.

आता लहान हाताची मुलं जाड नेकची गिटार घेऊन येतात, तेव्हा मीही आधी पंजा पाहतो. सळई किती खोल आहे ह्याचा अंदाज येईना, तर गिऱ्हाईक नाराज झालं तरी काम परत करतो.

काका गेले त्याच्या आदल्या दिवाळीत भेटलो होतो. पुण्यातल्या कामाचं मी बरंच सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “थे दांडी वाकली त नाही ना?” वाकली नव्हती. अजूनही मी तीच वाजवतो.