जुना बेल्ट डिकीत

अण्णांच्या गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या मागे, गोणपाटाचं एक गाठोडं असायचं. त्यात एक फॅन बेल्ट, एक कंडेन्सर, सी.बी. पॉइंटचा एक सेट, दोन प्लग आणि रेडिएटरचा एक होज पाइप. यातली एकही वस्तू नवी नव्हती आणि एकही बिघडलेली नव्हती. प्रत्येकीला सुतळीने एक चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर अण्णांच्या बँकेतल्या तिरक्या अक्षरात एवढंच: ‘चालू. काढला ३१,४००.’

गाडी होती प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, नंबर लावून काही वर्षं वाट बघितल्यावर मिळालेली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि थंडीत चोक ओढल्याशिवाय जागं न होण्याचा स्वभाव. कराडात तेव्हा अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्यामुळे आमच्या गाडीचं दुखणं गल्लीला माहीत असायचं.

अण्णांचा नियम असा की ठरावीक किलोमीटर झाले की चांगला चालणारा बेल्ट उतरवायचा, नवा चढवायचा आणि जुना डिकीत टाकायचा. मिस्त्रींना हे अजिबात पटत नसे. “चालत्या गाडीला हात लावू नये, साहेब,” हे त्यांचं पालुपद. आईचंही मत मिस्त्रींच्याच बाजूने. तिच्या हिशोबात तुटला नाही तो बेल्ट म्हणजे चांगला बेल्ट, आणि चांगली वस्तू काढून ठेवणं म्हणजे पैशाचा माज. अण्णा म्हणायचे, “नवा बेल्ट हा नव्या जावयासारखा. आधी गावात फिरवून बघायचा, मग घाटात न्यायचा.”

१९८५च्या मे महिन्यात हा नियम त्यांनी स्वतःच मोडला. मिस्त्री लग्नाला गेले होते, ते आले आदल्या रात्री, आणि पहाटे आम्हाला आंब्यासाठी चिपळूणला निघायचं होतं. नवा बेल्ट गावात न फिरता थेट कुंभार्ली घाटात गेला. उतरताना काही झालं नाही. परतताना पोफळी सोडून चढाला लागलो, कॅरिअरवर आंब्याच्या पेट्या, आत आम्ही पाच जण, आणि डॅशबोर्डवर इग्निशनचा लाल दिवा लागला. अण्णांनी एका वळणापलीकडे गाडी कडेला घेतली. चाकामागे दगड लावायचं काम माझं. बॉनेट उघडलं तर नव्या बेल्टच्या चिंध्या पंख्यात अडकलेल्या. या गाडीत एकच बेल्ट डायनॅमोही फिरवायचा आणि पाण्याचा पंपही, म्हणजे तो गेला की बॅटरीचं चार्जिंग बंद आणि इंजिनातलं पाणी उकळायला मोकळं.

अण्णांनी इंजिन थंड होऊ दिलं. तोवर आईने दशम्यांचा डबा उघडला. मग त्यांनी गाठोडं काढलं, ३१,४००ची चिठ्ठी सोडून माझ्या हातात दिली, पान्याने डायनॅमोचा बोल्ट सैल केला आणि डायनॅमो इंजिनाकडे ढकलला. जुना बेल्ट पंख्याच्या पात्यांवरून एकेक करत आत सारला. टामी घालून डायनॅमो पुन्हा बाहेर ओढून धरला आणि मला सांगितलं, “आवळ.” मी दहा वर्षांचा होतो, माझ्याने काय आवळणार? पण पाना माझ्या हातात होता हे खरं. शेवटी त्यांनी बेल्टच्या मधोमध अंगठा दाबून पाहिला. अर्धा इंच दबला. रेडिएटरमध्ये कॅनमधलं पाणी ओतलं आणि पाऊण तासात आम्ही कोयनानगरच्या रस्त्याला लागलो. साडीच्या काठाचा बेल्ट करून गाडी घरी आणल्याच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या आहेत. पाहिलेली एकही नाही.

नंतर मिस्त्रींनी त्या चिंध्या हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाले, “डुप्लिकेट.” अण्णा काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून ‘चालत्या गाडीला’ हे वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही.

अण्णा सरसकट सगळं बदलणारे मात्र नव्हते. त्यांच्या लेखी गाडीत बोलके भाग होते आणि मुके भाग होते. क्लच प्लेट बोलकी. ती महिनाभर आधी चढावर तक्रार करते, वास सोडते. ब्रेकचे लायनर खरखरतात, बेअरिंग घूं करतं, सायलेन्सर तर अख्ख्या गल्लीला सांगत सुटतो. हे सगळं शेवटपर्यंत वापरायचं, पैसा वसूल करायचा. कंडेन्सर मुका. तो सकाळी धडधाकट असतो आणि दुपारी गाडी रस्त्यात मेलेली असते, मध्ये काही नाही. म्हणून काही रुपयांचा कंडेन्सर ते लाडाने आधीच बदलत आणि महाग क्लच प्लेट मरेस्तोवर पिळत. घरातल्या इतर व्यवहारांतही हेच धोरण होतं का, ते आईला विचारायचं राहून गेलं.

आता माझ्याकडे डिझेल गाडी आहे, पुण्यात. सव्वानऊ वर्षांची, ९४,००० किलोमीटर झालेली. आणि ती बोलतच नाही. काचा वर केल्या की बाहेरचा पाऊसही ऐकू येत नाही, तिथे बेअरिंग काय ऐकू येणार? पूर्वी बॅटरी जायच्या आधी सेल कण्हायचा, दिवे पिवळे पडायचे, आठवडाभर सूचना मिळायची, आणि अगदीच अडलं तर धक्का मारायला चार जण धावायचे. गेल्या डिसेंबरात माझी बॅटरी रात्री ठणठणीत होती. सकाळी पार्किंगमध्ये नुसतं ‘टिक’. सोसायटीचा वॉचमन धक्का मारायला पुढे आला, पण गाडी ऑटोमॅटिक. तो बिचारा हात पुसत मागे गेला.

म्हणजे अण्णांच्या भाषेत सांगायचं तर आता जवळजवळ सगळेच भाग मुके झाले. पेट्रोल गाड्यांचा पंप टाकीच्या आत जाऊन बसला, त्याच्यावर ओलं फडकं टाकून घाट चढण्याचे दिवस गेले. बिघाड झाला की बॉनेट उघडून उभं राहायचं ते केवळ रीत म्हणून. मग साहजिकच कानाची जागा तक्त्याने घेतली. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा टॅबवर बोट फिरवत यादी वाचतो: हे ‘रिकमेंडेड’, ते ‘ड्यू’, अमुक ‘बदलून घेतलं तर बरं’. सगळं एकाच सुरात. ब्रेक ऑइल आणि एसीच्या गारव्यात सुगंध सोडणारी कांडी, दोन्ही त्याच्या लेखी सारखीच निकडीची.

त्यातलं ब्रेक ऑइल मी निमूट बदलतो. ते हवेतली ओल शोषतं, ओल वाढली की लवकर उकळतं, आणि लांब उतारावर ब्रेक दाबून दाबून तापले की नेमकं तेव्हाच पेडल खाली बसतं. पेडल चांगलं लागतंय म्हणून तेल चांगलं आहे असं नसतं. अण्णांनी ते आयुष्यात बदललं नाही, नुसतं भरत गेले. पण कुंभार्ली ते कायम दुसऱ्या गिअरमध्ये उतरत आणि ब्रेकला सहसा पाय लावत नसत. मला तेव्हा तो भित्रेपणा वाटायचा.

बाकी यादीबद्दल मी माझ्या मेव्हण्यांना विचारलं. त्यांचं सगळं आयुष्य विमानांच्या देखभालीत गेलं. ते म्हणाले, हा वाद आमच्याकडे केव्हाच होऊन गेला. युनायटेड एअरलाइन्समधल्या नोलन आणि हीप या दोघांनी १९७८ साली एक अहवाल लिहिला. त्यांनी तपासलेल्या विमानाच्या भागांपैकी जेमतेम ११ टक्के भाग असे निघाले, की जे वयामुळे झिजतात आणि मुदत ठरवून बदलण्यात अर्थ असतो. उलट ६८ टक्क्यांच्या बाबतीत बिघाडाचा धोका सर्वांत जास्त होता तो नवा बसवल्या बसवल्या. मी त्यांना नव्या जावयाचं सांगितलं. ते स्वतःच जावई असल्याने जरा वेळाने हसले.

वय झालं म्हणून निवृत्त होणं पद्मिनीच्याही वाट्याला आलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ संपता संपता ती रस्त्यावरून उतरली. सेल मारला की ती चालू होत असणार याची मला खात्री आहे.

माझ्या यादीत या वेळी टायमिंग बेल्ट होता. हा फॅन बेल्टसारखा दिसत नाही, झाकणाआड असतो, आणि तुटला तर वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, मग इंजिन खोलण्याला पर्याय नाही. मुक्यांचा राजाच म्हणायचा. मी बेल्ट बदलायला सांगितला आणि सोबत वॉटर पंपही. तो गळत नव्हता, पण त्याच्यापर्यंत पोचायला तेवढंच सगळं पुन्हा उघडावं लागतं आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते. सुगंधाच्या कांडीला नाही म्हटलं. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तेव्हा जुना बेल्ट मागितला. मुलगा गोंधळला. बिलात काही शंका आहे का, म्हणाला. मग आतून घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळून. बेल्टवर तडा नव्हता, दात शाबूत होते.

घरी डिकीत ठेवताना बायकोने पाहिलं. “अहो, हा घाटात कोण बसवणार?” तिचं बरोबर आहे. त्याला लागणारी हत्यारं माझ्याकडे नाहीत, असती तरी मला ते जमणार नाही. मी ड्रॉवरमधून सुतळी शोधून काढली आणि चिठ्ठीवर लिहिलं: ‘चालू. काढला ९४,२१०.’